लहान मुलासह पहिली क्रूझ : धक्का सुटण्याआधी काय ठरवावं

भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींनी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या माणसांची कित्येक वर्षं ने-आण केली. त्या बोटी गावाला पोचण्यासाठी होत्या. निव्वळ सुट्टीसाठी बोटीवर जायचं, ही गोष्ट आपल्याकडे अलीकडची. २०१८मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई–गोवा मार्गावर आली. २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून सफरी करू लागलं. २०२५मध्ये बॅलार्ड पियरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यामुळे ‘छोट्याला घेऊन क्रूझला जावं का?’ हा प्रश्न आता पुण्या-नाशिकच्या घरांतही विचारला जातो.

लहान मुलाच्या आई-बाबांना क्रूझ सोयीची आहे. सामान एकदाच उघडायचं, दुपारी मूल पेंगुळलं की पाच मिनिटांत आपल्या खोलीत, आणि आजी-आजोबांना गाडीचा लांबचा प्रवास नाही. पण जहाज धक्क्यावरून सुटलं की कोपऱ्यावरचं मेडिकल नाही, नेहमीचे डॉक्टर नाहीत आणि रिक्षा करून घरी परतण्याची सोयही नाही. म्हणून या सुट्टीतले महत्त्वाचे निर्णय घरी बसून, बुकिंगच्या आधी घ्यायला हवेत. ते कोणते, ते क्रमाने पाहू.

मूल किती मोठं हवं?

बहुतेक आंतरराष्ट्रीय कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत. सलग तीन किंवा अधिक दिवस किनारा न लागणाऱ्या सफरींना ही अट साधारण एक वर्षाची असते. वय सफर सुरू होण्याच्या तारखेला मोजतात. आई गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यापासून प्रवासाला परवानगी देत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

नियमात बसतं म्हणजे मुलाला झेपतं असं नाही. नुकतं चालायला लागलेलं मूल जहाजावर सर्वांत अवघड. ते कडेवर राहत नाही आणि सांगितलेलं त्याला कळत नाही. जहाजांवरचे किड्स क्लब बहुधा तिसऱ्या वर्षापासून मुलं घेतात, तीही डायपर सुटला असेल तरच. रॉयल कॅरिबियनचा नियम असाच आहे. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर असतं, पण त्याचे पैसे वेगळे. पोहण्याच्या तलावाचंही तसंच. डायपरमधल्या मुलांना अनेक जहाजांवर तलावात सोडत नाहीत आणि पोहण्याचा खास डायपरही चालत नाही. त्यांच्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांचा वेगळा कोपरा असेल तरच पाण्यात खेळता येतं.

म्हणून निवड हातात असेल तर साडेतीन-चार वर्षांपर्यंत थांबावं. त्या वयात मूल जहाजाचा खरा आनंद घेतं आणि आई-बाबांनाही तासभर निवांत मिळतो.

कोणती सफर निवडावी?

पहिली सफर दोन-तीन रात्रींची असावी. मुलाला बोट लागते का, अनोळखी खोलीत झोप लागते का, गर्दीच्या जेवणघरात ते खातं का, हे एवढ्यात कळतं.

मुंबईहून निघणं सर्वांत सुटसुटीत. विमान नाही, व्हिसा नाही, मराठी-हिंदी बोलणारी माणसं आणि ओळखीचं जेवण. एम्प्रेस १९९० साली बांधलेलं, सुमारे २११ मीटर लांबीचं जहाज आहे. आजच्या महाकाय जहाजांवरच्या घसरगुंड्या आणि खेळण्यांची अपेक्षा इथे ठेवू नये. मात्र अंतरं आटोपशीर असल्याने आजींचे गुडघे आणि नातवाचे पाय दोन्ही दमत नाहीत.

हंगाम पाहूनच तारीख घ्या. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारीही बंद असते. लहान मुलासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. समुद्र बहुधा शांत असतो आणि डेकवर ऊन सोसवतं.

दुसरा पर्याय सिंगापूरचा. तिथल्या मरीना बे क्रूझ सेंटरवरून ‘गेंटिंग ड्रीम’सारखी मोठी जहाजं थोड्या रात्रींच्या सफरी करतात आणि भारतीय प्रवाशांची वर्दळ मोठी असल्याने शाकाहारी व जैन जेवणही ठेवतात. पण त्यात विमानप्रवास, व्हिसा आणि अडीच तासांच्या वेळेचा फरक येतो. मुलासह तिथे जायचं तर सफरीच्या आदल्या दिवशीच पोचा. विमान उशिरा आलं तरी जहाज थांबत नाही.

लक्षद्वीपची सफर मोहक असली तरी पहिल्या खेपेला टाळावी. तिथे मोठं जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत मूल कडेवर घेऊन उतरणं-चढणं सोपं नाही. शिवाय वारा वाढला तर उतरणंच रद्द होतं.

खोली घेताना

जहाजाचा हेलकावा टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त जाणवतो. म्हणून खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर मागा. नकाशावर पाहून नाटकगृह, डिस्को किंवा स्वयंपाकघराच्या वर-खाली असलेली खोली टाळा. रात्री दहाला मूल झोपतं तेव्हा तिथे आवाज सुरू होतो.

आतली, खिडकी नसलेली खोली सर्वांत स्वस्त असते. ती दिवसाही पूर्ण काळोखी होत असल्याने दुपारच्या झोपेला चांगली. फक्त रात्रीचा छोटा दिवा सोबत न्या. बाल्कनीची खोली सुंदर, पण लहान मुलासह तिथे सतत डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. घेतलीत तर खुर्च्या-टेबल कठड्यापासून लांब ठेवा, दार नेहमी लावून घ्या आणि मुलाला तिथे क्षणभरही एकटं सोडू नका. भिंतीतून उघडणारा वरचा बंकही लहान मुलासाठी नाही. बाळासाठी क्रिब लागणार असेल तर बुकिंग करतानाच लिहून मागा, कारण जहाजावर त्या मोजक्याच असतात.

पैशांचा हिशेब

जाहिरातीतला दर बहुधा एका खोलीत दोघे धरून माणशी असतो. त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला दर कमी असतो. त्यावर बंदर-आकार, कर आणि सेवकांची टिप येते. टिप माणशी, दर रात्रीप्रमाणे लावतात आणि अनेक कंपन्या ती मुलांचीही घेतात. रोजचं जेवण दरात असतं. पण शीतपेयं, इंटरनेट, बंदरावरची सहल आणि डॉक्टरांची फी बहुधा वेगळी. ‘सगळं धरून किती?’ असा एकच आकडा एजंटकडून लेखी घ्या आणि रद्द केल्यास किती परत मिळतील तेही विचारा. लहान मुलाला आयत्या वेळी ताप येऊ शकतो.

खोलीत पोचल्यावर फोन विमान मोडवर टाका. किनारा दूर गेला की फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंग फार महाग असतं.

कागदपत्रं

देशातल्या सफरीला मोठ्यांचं ओळखपत्र आणि मुलाचं आधार कार्ड किंवा जन्मदाखला मूळ प्रतीत जवळ ठेवा. परदेशी सफरीला तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असल्याने तारीख नीट तपासा. प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवेत. सिंगापूरहून निघून मलेशियाला जाऊन परत येणं म्हणजे सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश. म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, याची खात्री करा. आई-वडिलांपैकी एकच जण किंवा फक्त आजी-आजोबा मुलाला नेत असतील, तर सोबत नसलेल्या पालकांचं संमतिपत्र जवळ असावं.

प्रवासाच्या विम्यात क्रूझ आणि समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते वाचून घ्या. जहाजावरचा दवाखाना प्राथमिक उपचारांना चांगला असतो, पण तिथे बालरोगतज्ज्ञ मिळेलच असं नाही.

खाणंपिणं आणि आंघोळ

अनेक पालक खोलीत खिचडी करण्याच्या विचाराने छोटा कुकर किंवा किटली नेतात. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी असल्याने किटली, इस्त्री, इंडक्शन अशा तापणाऱ्या वस्तू तपासणीतच काढून घेतल्या जातात. त्याऐवजी मेतकूट, नाचणी सत्त्वाचं पीठ, भाजलेले पोहे आणि बाळाची दूधपावडर न्या. गरम पाणी, साधा भात, डाळ, दही, केळी जेवणघरात मिळतात. मऊ भात किंवा कमी तिखट भाजी हवी असेल तर पहिल्याच जेवणाला तिथल्या प्रमुखांना सांगून ठेवा. पुढच्या दिवसांची सोय ते करतात. शेंगदाणे, काजू, दूध यांची ॲलर्जी असेल तर ती मात्र बुकिंगच्याच वेळी लेखी कळवा.

बहुतेक खोल्यांत फक्त शॉवर असतो. अंगावर पडणाऱ्या फवाऱ्याला बादली-मगाची सवय असलेलं मूल घाबरतं. म्हणून घरचा मग आणि घडी होणारा रबरी टब न्या. टॉयलेटचा फ्लश पाणी जोराने ओढून घेतो आणि मोठा आवाज करतो. मूल उठून बाजूला झाल्यावरच तो दाबा.

बोट लागू नये म्हणून

दोन वर्षांखालच्या मुलांना बोट क्वचितच लागते. दोन ते बारा या वयात त्रास जास्त होतो. कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल नोंदवतो आणि डोळ्यांना खोली स्थिर दिसते, या गोंधळातून मळमळ होते. म्हणून चेहरा पांढरा पडला, जांभया येऊ लागल्या की मोबाइल-पुस्तक बाजूला ठेवून मुलाला मोकळ्या हवेत, जहाजाच्या मध्यभागी न्या आणि क्षितिजाकडे पाहायला सांगा. पोट रिकामंही नको, तुडुंबही नको.

औषध मनाने देऊ नका. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी प्रोमेथॅझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. त्यांच्या श्वासावर परिणाम होऊ शकतो. निघण्याच्या आठवडाभर आधी बालरोगतज्ज्ञांना भेटून औषध आणि वजनानुसार मात्रा लिहून घ्या. तापाचं औषध, ओआरएस, थर्मामीटर आणि नेहमीची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

पोटाच्या संसर्गाबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जेवणाआधी आणि टॉयलेटनंतर साबण आणि पाणी हाच उपाय.

जहाजावरचा पहिला तास

२०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं दगावली. नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचा सुरक्षा सराव तेव्हा झालाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाला आणि आता हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेतात. तो टाळू नका. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे आपत्कालीन इशारा. तो ऐकल्यावर कुठे जमायचं आणि मूल कुणी उचलायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

खोलीतली जीवरक्षक जॅकेटं मोठ्यांची असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १५ किलोखालच्या बाळांसाठी वेगळं आणि १५ ते ४३ किलोच्या मुलांसाठी वेगळं जॅकेट असतं. मुलाचं वजन सांगून योग्य जॅकेट पहिल्याच तासात मागून घ्या.

मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. तोवर लागणारे कपडे, डायपर, खाऊ आणि औषधं हाताशी ठेवा. मुलाच्या खिशात खोली क्रमांक आणि आई-बाबांचं नाव लिहिलेली चिठ्ठी असू द्या. तलावाकाठी जीवरक्षक असो वा नसो, पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावरच हवं. ‘आजी बघतेय’, ‘बाबा बघतोय’ असं मोघम न ठेवता दर तासाला एकाचं नाव ठरवा.

बंदरावर उतरावं का?

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं. तिथून पणजी सुमारे तीस किलोमीटर. नव्या झुआरी पुलामुळे वाहतूक सुधारली असली तरी मुलासह पणजी, जुनं गोवं आणि उत्तरेचे किनारे एका दिवसात करायला जाऊ नका. जवळचा बोगमाळो किनारा आणि त्याच रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय पुरेसं आहे. तिथे आवारात उभी केलेली खरी विमानं मुलांना मनसोक्त पाहता येतात. सोमवारी ते बंद असतं. जहाज सुटण्याच्या किमान दोन तास आधी बंदरात परता.

न उतरणं हाही चांगला बेत आहे. सगळे किनाऱ्यावर गेले की तलाव आणि खेळघर मोकळं मिळतं.

बुकिंगआधी विचारायचे प्रश्न

- माझ्या मुलाच्या वयाला किड्स क्लब आणि पाण्याचा कोपरा खुला आहे का?
- क्रिब आणि लहान मुलाचं जीवरक्षक जॅकेट नक्की मिळेल का?
- खोली कोणत्या मजल्यावर, कशाच्या वर-खाली आहे?
- कर, टिप आणि बंदर-आकार धरून एकूण किती? रद्द केल्यास किती परत?
- ॲलर्जी आणि मुलाच्या खाण्याची नोंद लेखी होईल का?
- बंदरात जहाज धक्क्याला लागतं की छोट्या बोटीने उतरायचं?

यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं मनासारखी नसतील, तर सफर पुढच्या हंगामावर ढकला. वर्षभराने मूल मोठं झालेलं असेल आणि त्याचा आनंदही वाढलेला असेल. जायचं ठरलं, तर सगळे कार्यक्रम पाहण्याचा आटापिटा करू नका. मुलाचं जेवण आणि झोप घरच्या वेळेला झाली, तर मोठ्यांचीही सुट्टी आपोआप चांगली होते.