खाज थांबली म्हणजे नायटा गेला?

मुळशीच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मग जांघेत, कमरेला नायटा उठतो. आपण दुकानातून ट्यूब आणतो, दोन दिवसांत खाज थांबते, आणि म्हणतो, गुण आला! पण त्यात बऱ्याचदा क्लोबेटासोल, बीटामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. ते दाह दाबतं. बुरशी मरत नाही, उलट पसरते. लक्षण गेलं, कारण तसंच राहिलं. तर्कशास्त्रातली जुनीच गल्लत बघा ही. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात. तेव्हा खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून. नुसतं क्लोट्रिमेझोल असेल तर चालेल. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे लावायचं. पसरलाच तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. घरात आणखी कुणाला असेल तर उपचार सगळ्यांचे एकदमच, आणि टॉवेल ज्याचा त्याचा.