काटकसरीची मर्यादा : ‘किताब अल-बुखला’तील दोन दाखले

काटकसर हा सद्गुण आहे, याबद्दल दुमत नाही. तुटपुंज्या उत्पन्नात मुलांची शिक्षणे पार पाडणारी घरे तिच्याच आधाराने उभी असतात. परंतु हा गुण कोणत्या टप्प्यावर नुकसान करू लागतो, याचा विचार क्वचितच होतो. अरबीत उधळपट्टीस ‘इस्राफ’ व कृपणतेस ‘बुख्ल’ असे शब्द आहेत, आणि कुराणात (सूरह अल-फुरकान, आयत ६७) खर्चाच्या बाबतीत या दोहोंमधील मार्ग सांगितला आहे. तो ओळखावा कसा, हा खरा प्रश्न होय. या संदर्भात बसरा येथील साहित्यिक अल-जाहिज (मृत्यू इ. स. ८६८-६९) यांचा ‘किताब अल-बुखला’, म्हणजे कृपणांविषयीचा ग्रंथ, आजही उपयोगी पडतो.

हा ग्रंथ केवळ थट्टेचा नाही. त्यात मरियम नावाच्या एका स्त्रीची हकिकत येते. मुलीच्या जन्मापासून ती कणीक मळताना दरवेळी मूठभर पीठ बाजूला काढी आणि पुरेसे साठले की विकी. मुलीच्या लग्नात सोन्या-चांदीचे दागिने बाहेर आले, तेव्हा नवराही चकित झाला. या बचतीला हेतू होता आणि ती खर्च करण्याची वेळही ठरलेली होती.

याच ग्रंथातील खुरासानी सोबत्यांची गोष्ट निराळी आहे. एकत्र राहणाऱ्या या मंडळींनी निभेल तितके दिवस अंधारात काढले व अखेर दिव्याच्या तेलासाठी वर्गणी जमवली. एकाने वाटा देण्यास नकार दिला. तेव्हा दिवा लागला की त्याच्या डोळ्यांवर फडके बांधीत आणि दिवा मालवल्यावरच सोडीत. आता याचा हिशेब पाहावा. आणखी दोन डोळ्यांनी पाहिल्याने तेल थेंबभरही जास्त जळत नाही. म्हणजे वर्गणीदारांचे वाचले काहीच नाही. नकार देणाऱ्याची मात्र चार नाणी वाचली, पण त्यासाठी त्याने रोजची संध्याकाळ गमावली. अतिरेकी काटकसर नेमकी येथे फसते. तिच्या वहीत पैशांचाच रकाना असतो. वेळ, आरोग्य, माणसांची सोबत यांची त्यात नोंदच होत नाही.

महाविद्यालयातही हे दिसते. बसभाडे वाचवण्यासाठी तासभर पायपीट करणारा विद्यार्थी अभ्यासाचा तास देऊन ते वाचवतो. पाठ्यपुस्तकाऐवजी स्वस्त गाइड घेतले की पुढील वर्षी पाया कच्चा राहतो. सर्वांत महाग पडते ती जेवणातील बचत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, सगळा दोष काटकसरीचा नव्हे. तथापि आधीच अशक्त असलेल्या मुलीने नाश्ता टाळला, तर वर्गात तिचे लक्ष लागणे अवघडच. अशा मुलीचे ‘किती साधी राहते’ असे कौतुक करण्यात शिक्षकांचा हेतू चांगला असला, तरी त्यामुळे प्रश्न झाकला जातो.

अर्थात, जिथे पैसाच नाही तिथली काटकसर ही निवड नसून नाइलाज असतो, आणि त्याला कृपणता म्हणणे अन्यायाचे ठरेल. म्हणून आधी चौकशी हवी. फळा दिसत नाही म्हणून पहिल्या बाकावर सरकणारा विद्यार्थी चष्म्याचे पैसे साठवतो आहे, की ते नाहीतच, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारल्याखेरीज कळत नाही.