ऑनलाइन पदवी आचऱ्यात बसून झेपेल का?

बारावीचा निकाल लागला की आचऱ्यात हल्ली हा प्रश्न हमखास निघतो: रोज एसटीने मालवण गाठायचं, की घरी बसून मोबाईलवर बीए, बीकॉम करायचं? मालवण वीसेक किलोमीटर. गाडीची वाट बघणं धरलं तर दिवसाचे दोन-तीन तास त्यातच जातात. पण प्रवास वाचला म्हणजे अभ्यास झाला, असं नाही.

आधी एक गल्लत दूर करू. ऑनलाइन पदवी वेगळी आणि दूरशिक्षण वेगळं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) किंवा इग्नू (१९८५) यांच्या दूरशिक्षणात पुस्तकं असतात, अभ्यासकेंद्र असतं, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. ऑनलाइन पदवीत व्याख्यानं आणि स्वाध्याय इंटरनेटवरच. जुलैच्या पावसात दोन दिवस लाईट नसली, टॉवर बंद पडला, तर छापील पुस्तक उघडता येतं, व्हिडिओ नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या अनेकांना ऑनलाइनपेक्षा दूरशिक्षणच परवडेल, असं मला वाटतं.

परीक्षेचे महिनेही बघा. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. डिसेंबर म्हणजे मालवण-तारकर्लीत पर्यटकांची गर्दी. हॉटेलात किंवा होडीवर काम करणाऱ्याला तेव्हा सुट्टी कोण देणार? मालकाशी आधीच बोलून ठेवा.

आता आपल्या मुलांसाठी कळीचा मुद्दा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे प्रवेश न मिळालेल्या, बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. घरी राहून ऑनलाइन शिकलात की या दोन्हींवर पाणी सोडावं लागतं. शिवाय ग्रंथालय, मित्र, वादविवाद, विद्यार्थी चळवळ हेही सुटतं. अठरा वर्षांच्या मुलामुलीला वसतिगृह मिळत असेल, तर माझा स्पष्ट सल्ला: कॉलेजला जा. विशेषतः मुलींनी. घरात बसलेल्या मुलीचा अभ्यास भांडी, पाणी आणि पाहुणे यांच्यामधून उरलेल्या वेळात होतो.

ज्यांच्यावर घर चालतं, ज्यांचं लग्न होऊन शिक्षण सुटलं, त्यांची गोष्ट वेगळी. १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ कॉलेजात नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग होते, ते अशांसाठीच. आज तीच सोय मुक्त शिक्षणात आहे. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं. आज त्याला बाबासाहेबांचं नाव आहे.

मान्यता मात्र स्वतः तपासा. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षासाठी, त्याच अभ्यासक्रमाला परवानगी आहे का ते पाहा. मान्यता असेल तर पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी किंवा कायद्याची पदवी घरबसल्या देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. विद्यापीठांना फ्रँचायझी देण्याची मनाई आहे, तेव्हा फी थेट विद्यापीठातच भरा. शिष्यवृत्तीत नेमकं काय बसतं, हे त्याआधी ओरोसच्या समाज कल्याण कार्यालयात विचारा.

आणि तरीही ठरत नसेल, तर केंद्र सरकारच्या स्वयम् संकेतस्थळावर एखादा अभ्यासक्रम घ्या. शिकणं मोफत आहे, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. कुणी न सांगता रोज एक तास, सहा आठवडे बसता आलं, तर प्रवेश घ्या. दुसऱ्याच आठवड्यात खंड पडला, तर मालवणच्या एसटीचा पास काढा.