न्यूझीलंडची हिवाळी वाट

आपल्याकडील उन्हाळ्याची सुट्टी सरते, तेव्हा न्यूझीलंडात हिवाळा सुरू होतो व प्रवाशांची गर्दी ओसरते. तेथेही वाहने डावीकडूनच चालतात. म्हणून स्वतः मोटार हाकीत ते-आनाऊ गावाहून मिलफर्ड साउंड या हिमनदीने कोरलेल्या खाडीपर्यंत जाण्याचा बेत आम्ही आखू लागलो. अंतर अवघे १२० किलोमीटर! परंतु नकाशात हिम दिसत नाही. १९८३ साली याच वाटेवर हिमलोटाने एका रस्ता-कर्मचाऱ्याचा बळी घेतला. तेव्हापासून डोंगरमाथ्यावरील हिमावर पाळत ठेवतात आणि धोका दिसताच रस्ता बंद करतात. मे ते नोव्हेंबर चाकांच्या साखळ्या सोबत बाळगाव्याच लागतात. त्या बांधण्याचा सराव आधीच करावा; थंडीने बोटे बधिर झाल्यावर नव्हे. जूनमधला दिवस जेमतेम नऊ तासांचा, म्हणून परतीच्या विमानापूर्वी दोन दिवस आम्ही मोकळे राखले आहेत.