हिरा घेताना आधी घडण पाहा

सराफाकडे हिरा मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘किती कॅरेट?’ कॅरेट हे वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. चमक मात्र ठरते पैलूंच्या कोनांवर.

गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात. टोकावर बारीक सपाट पैलू ठेवला तर ५८. वरचा सपाट भाग टेबल, भोवतीचा उतार क्राउन, मधली कड गर्डल आणि खालचा निमुळता भाग पॅव्हेलियन. टेबलमधून शिरलेला किरण पॅव्हेलियनच्या पैलूवर आदळतो. तिथे लंबाशी त्याचा कोन सुमारे २४.४ अंशांहून अधिक असेल, तर तो बाहेर न पडता समोरच्या पैलूवर जातो आणि तिथून उलटून वर, आपल्या डोळ्यांकडे येतो.

हे साधण्यासाठी मार्सेल तोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गणित मांडलं: पॅव्हेलियन ४०.७५ अंश, क्राउन ३४.५ अंश, टेबल व्यासाच्या ५३ टक्के. आज याच्या आसपासची इतर प्रमाणंही उत्तम मानतात. पण पॅव्हेलियन फार खोल झालं की हिरा मध्यभागी काळपट दिसतो. फार उथळ झालं की टेबलच्या आत गर्डलचं पांढुरकं कडं उमटतं.

मग कोन बिघडवतं कोण? बहुधा वजनाचा मोह. कच्च्या खड्यातून जास्त वजन राखायचं, तर पोट खोल किंवा गर्डल जाड ठेवली जाते. म्हणून कॅरेटसोबत मिलिमीटरही विचारा. नीट घडवलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर रुंद असतो. तो ६.२ भरला, तर उरलेलं वजन पोटात किंवा गर्डलमध्ये दडलंय. नीट घडवलेला ०.९० कॅरेटचा हिराही तेवढाच रुंद दिसतो, आणि कमी पैशांत मिळू शकतो.

हिरे तपासून रिपोर्ट देणारी जीआयए ही संस्था २००६पासून गोल हिऱ्याच्या रिपोर्टवर कटची, म्हणजे घडणीची, श्रेणी देते, ‘एक्सलंट’पासून ‘पुअर’पर्यंत. ओव्हल किंवा पिअर आकाराच्या रिपोर्टवर ‘एक्सलंट’ दिसलं, तर तो शेरा कटचा आहे की फक्त पॉलिश-सिमेट्रीचा, हे वाचा.

शेवटी दोन हिरे पुसून शेजारी ठेवा. दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली बहुतेक हिरे लखलखतात, म्हणून दोन्ही दाराशी, उजेडात नेऊन हलकेच तिरपे करा. ज्याचा मध्य काळवंडतो, तो बाजूला ठेवा.