दोन गाणी, एकच खर्ज

बदलापूर किंवा अंबरनाथच्या एखाद्या चार मजली इमारतीत सुटीच्या सायंकाळी जिना चढताना बंद दारामागून ठोके ऐकू येतात. शब्द कळत नाहीत, चाल ओळखता येत नाही. कानी पडतो तो केवळ खर्ज. लॅपटॉप, लहानसा मिक्सर आणि दोन स्पीकर एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी डीजेचा सराव चाललेला असतो. कुणाला आसपासच्या गावांतील आगरी हळदीत वाजवायचे असते, कुणाला उल्हासनगरच्या लग्नसमारंभांत. कुणाला नुसतीच हौस असते.

एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना ताल जुळला की काम फत्ते, असा अनेकांचा समज असतो. ताल जुळवण्याचे काम आता संगणकावरील 'सिंक'चे बटणही करते. खर्जाचे काय करायचे, हे मात्र ते बटण सांगत नाही, आणि मिश्रण बिघडते ते बहुधा तेथेच.

साधारण २० ते २५० हर्ट्झ कंप्रतेचा पट्टा म्हणजे बेस, अर्थात खर्ज. किक ड्रमचा ठोका, बेस गिटार, ढोलाचा घुमारा हे सारे याच अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने राहतात. दोन गाण्यांतील सनई आणि गायिका एकाच वेळी ऐकू आल्या तरी कान त्यांना वेगळे करू शकतो. दोन खर्ज एकत्र आले की मात्र नुसता गदारोळ होतो. दोन्ही लहरी तंतोतंत जुळल्या तर पातळी ६ डेसिबलपर्यंत वाढते, मिक्सरवरील लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. याउलट ५० हर्ट्झच्या दोन समान लहरींत अवघ्या १० मिलिसेकंदांचे अंतर पडले, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटात जाऊन बसतो आणि ठोका जवळजवळ नाहीसा होतो. एवढे सूक्ष्म अंतर तालातील चूक म्हणून सहसा जाणवतही नाही. ताल नीट असूनही गाणे एकाएकी पोकळ का झाले, हे कोडे नवख्याला त्यामुळेच सुटत नाही.

उपाय साधा आहे. मिक्सरवर प्रत्येक गाण्यासाठी 'लो', 'मिड' आणि 'हाय' असे तीन नॉब असतात. प्रथम दोन्ही गाण्यांची पातळी 'गेन'ने सारखी करून घ्यावी. नवे गाणे आत आणताना त्याचा 'लो' पूर्ण खाली ठेवावा. ते १६ किंवा ३२ मात्रा जुन्यासोबत चालू द्यावे आणि नवे आवर्तन सुरू होताना, सम साधून, जुन्याचा 'लो' खाली व नव्याचा 'लो' वर असा बदल एकदम करावा. नॉब मधल्या खुणेपर्यंतच आणावा. जोर वाढावा म्हणून त्यापुढे फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा.

हा नियम परदेशी नृत्यसंगीतात बिनबोभाट चालतो, कारण तेथे चार मात्रांच्या ठोक्याचे खांब सर्वत्र सारखे रोवलेले असतात. कोळीगीते व हळदीची गाणी यांत सहा मात्रांचा झोका सर्रास आढळतो. असे गाणे चार मात्रांच्या रिमिक्सवर चढवले तर ठोके भलत्याच ठिकाणी पडतात; खर्जाची अदलाबदल समेवरच करणे येथे अधिक गरजेचे ठरते. शिवाय, ज्या गाण्यात खरी ढोलकी वाजली आहे, त्याचा 'लो' पूर्ण काढला तर तिची 'धूम'च जाते आणि उरते ती कोरडी टिकटिक. तेथे अर्धाच कापावा. जुन्या मुद्रणांत मुळातच खोल खर्ज कमी असतो. नॉब कितीही फिरवला तरी जे मुद्रित झालेले नाही ते बाहेर येत नाही, घरघर तेवढी वाढते.

एवढे करूनही घरातील कान फसवा असतो, कारण खोली स्वतःही वाजते. १० बाय १२ फुटांच्या खोलीत १२ फुटांच्या बाजूला सुमारे ४७ आणि १० फुटांच्या बाजूला सुमारे ५६ हर्ट्झचा खर्ज घुमतो, म्हणजे नेमका किक ड्रमच्या पट्ट्यात. भिंतीपाशी तो फुगतो, मधोमध विरतो. खोलीच्या मध्यावर उभा असलेला डीजे बेस कमी वाटतो म्हणून वाढवत जातो आणि समारंभाच्या मोठ्या सबवूफरवर तेच प्रमाण ठेवले की सारे गाणे चिखलात बुडते. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा स्पंज चिकटवून हे थांबत नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. ट्रे फक्त वरचे स्वर शोषतो. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणे आणि चांगल्या हेडफोनवर ताडून पाहणे अधिक उपयोगी.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. मात्र हे मोजमाप मानवी कानाच्या कलाने, म्हणजे खर्जाला कमी लेखून होते. ५० हर्ट्झला मीटर सुमारे ३० डेसिबलची सूट देतो. त्यामुळे मीटरवर निर्दोष ठरलेला ठोका स्लॅबमधून खालच्या मजल्यावरील पलंगापर्यंत पोहोचू शकतो. मिरवणुकांतील स्पीकरच्या भिंतींना महाराष्ट्रात सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. गंमत अशी, की रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या कंपनीचे पहिले नाव झाले ते ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी.

घराला घर लागून असलेल्या उल्हासनगरच्या कॅम्पांत किंवा बदलापूरच्या गृहसंकुलांत सराव करणाऱ्याने आवाज ठरवताना एकदा गाणे सुरू ठेवून, दार ओढून घ्यावे आणि जिन्याच्या खालच्या वळणावर जाऊन उभे राहावे. तेथे जे ऐकू येते तेवढाच त्याचा 'लो' शेजाऱ्यांच्या वाट्याला येत असतो.