टेस्टोस्टेरॉनची सुई सुटते तेव्हा

पुरुषाच्या शरीरात दिवसाला टेस्टोस्टेरॉन तयार होतं ते जेमतेम 5 ते 7 मिलिग्रॅम. चिमटीतही धरता येणार नाही इतकं. 1935 साली ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकूर यांच्या चमूने बैलांच्या तब्बल 100 किलो वृषणांतून हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं, तेव्हा हाती लागलं फक्त 10 मिलिग्रॅम. एका माणसाला धड दोन दिवस पुरलं नसतं! कारण वृषण टेस्टोस्टेरॉनचा साठा करत नाहीत. बनवलं की रक्तात सोडून मोकळे होतात.

टीआरटी, म्हणजे बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेण्याचा उपचार, थांबवायचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. औषध बंद झालं की काढून वापरायला शिल्लक काहीच नसतं. शरीराला पुन्हा पहिल्यापासून बनवायला लागावं लागतं.

वृषण खाऊन जोम मिळवायची कल्पना फार जुनी. सुश्रुतसंहितेत वाजीकरणासाठी बोकडाचे वृषण दुधात शिजवून घेण्याचा उल्लेख आहे. 1889 मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचं जाहीर केलं. अर्क पाण्यात काढलेला आणि टेस्टोस्टेरॉन तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यांना आलेला तजेला मनाने दिलेला होता. मला हा किस्सा फार मोलाचा वाटतो, कारण सुई सुरू करताना आशा जेवढं काम करते, तेवढंच काम ती सोडताना भीती करते.

आता खरी गंमत मेंदूत आहे. हायपोथॅलॅमस दर दीड-दोन तासांनी एका संप्रेरकाचा छोटा झोत सोडतो. त्याबरोबर पिट्युइटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं पाठवते, आणि मग वृषण कामाला लागतात. अर्न्स्ट नोबिल यांनी 1978 मध्ये माकडांवर दाखवून दिलं, की तेच संप्रेरक झोतांऐवजी सलग दिलं तर पिट्युइटरी गप्प बसते आणि झोत पुन्हा सुरू केले की जागी होते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू रक्तातली पातळी बघतो, पुरेसं आहे असं ठरवतो आणि झोतच आवरते घेतो. महिनोन्‌महिने आदेश न आल्याने वृषण आकारानेही लहान होतात. अनेकजण याने घाबरतात, पण आदेश परतले की आकारही बहुतेकांचा परततो.

शेवटचं इंजेक्शन घेतलं त्या दिवशी औषध थांबलं असं मात्र समजू नका. सस्टेनॉन 250 या इंजेक्शनात टेस्टोस्टेरॉनची चार रूपं असतात, 30, 60, 60 आणि 100 मिलिग्रॅमची. एकाच वेळी सुटलेल्या फास्ट आणि स्लो लोकलसारखी ती वेगवेगळ्या वेळी रक्तात पोचतात. जेल लावणाऱ्याच्या अंगातून औषध काही दिवसांत जातं, एनँथेट किंवा सिपिओनेट या इंजेक्शनांना काही आठवडे लागतात आणि 10 ते 14 आठवड्यांनी एकदा घ्यायचं अनडेकॅनोएट इंजेक्शन महिनोन्‌महिने रेंगाळतं. त्यामुळे घसरण कुणाला लगेच जाणवते, कुणाला बऱ्याच उशिरा.

ही घसरण खरी असते. थकवा, चिडचिड, झोपेचं खोबरं, कामेच्छा कमी, कधी अंगातून वाफा. अशा वेळी माणूस म्हणतो, ‘बघा, मला औषधाशिवाय जमतच नाही,’ आणि पुन्हा सुई घेतो. माझं ठाम मत आहे की हा निष्कर्ष घाईचा आहे. मधल्या काळात बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही, म्हणून तसं वाटतं. मूळ पातळी किती होती, हे त्यातून कळत नाही. मात्र उदासी दाटली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा. तो धीर धरण्याचा विषय नाही.

किती दिवस लागतात? याचं उत्तर वेगळ्याच दिशेने आलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं होतं. कशासाठी? गर्भनिरोधक म्हणून! पुरुषत्वाचं औषध मानलं जाणारं हे रसायन शुक्राणूंची निर्मिती थांबवतं, कारण शुक्राणूंना रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या आत लागतं. अशा 30 अभ्यासांची 2006 मध्ये एकत्र छाननी झाली. थांबवल्यावर शुक्राणू 6 महिन्यांत 67 टक्के पुरुषांत, वर्षात 90 टक्के पुरुषांत आणि 2 वर्षांत सगळ्यांत पुरेशा संख्येने परतले, असा अंदाज निघाला. हे निरोगी पुरुष होते, हे विसरू नये. वय जास्त असेल, उपचार बरीच वर्षं चालला असेल किंवा जिममध्ये दामदुप्पट डोस घेतले असतील, तर जास्त थांबावं लागू शकतं.

डोस सोडल्यावर वृषणांना जागं करायच्या उपचाराला जिममधली पोरं ‘पीसीटी’ म्हणतात. त्यातली दोन्ही प्रसिद्ध औषधं मुळात बायकांच्या दुनियेतली. एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक, गर्भवतींच्या लघवीतून मिळवलेलं, आणि वृषणांना ते हुबेहूब एलएच वाटतं. क्लोमिफेन अमेरिकेत 1967 मध्ये स्त्रियांच्या वंध्यत्वासाठी मंजूर झालं. ते मेंदूला इस्ट्रोजेन कमी असल्याचं भासवतं आणि पिट्युइटरी जोरात कामाला लागते. दोन्ही उपयोगी आहेत, पण डॉक्टरांच्या हातात. मित्राच्या बॅगेतून नव्हे.

सगळ्याच गोष्टी लगेच सुधारतात असंही नाही. टीआरटीने रक्त दाट होऊ शकतं; हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर औषध थांबवतात. लाल पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं, म्हणून रक्त पातळ व्हायलाही काही महिने जातात. आणि काही गोष्टी परतत नाहीत: ट्रान्स पुरुषाने टेस्टोस्टेरॉन सोडलं तर मासिक पाळी बहुधा काही महिन्यांत परतते, घोगरा झालेला आवाज मात्र तसाच राहतो.

स्वतःच्या टेस्टोस्टेरॉनला मदत करायला पुरेशी झोप आणि आटोक्यातलं वजन चांगलं काम करतात. 2011 च्या एका छोट्या प्रयोगात 10 तरुणांना आठवडाभर रोज 5 तासच झोपू दिलं, तर दिवसाची पातळी 10 ते 15 टक्क्यांनी उतरली. पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, म्हणून वजन उतरलं की पातळी चढते.

पण क्लाइनफेल्टर सिंड्रोम हा जन्मजात दोष असलेला, दोन्ही वृषण गमावलेला किंवा पिट्युइटरीचा आजार झालेला माणूस स्वतःहून सावरण्याच्या या हिशेबात बसत नाही. त्याच्यासाठी हा उपचार मधुमेहातल्या इन्सुलिनइतकाच गरजेचा असू शकतो. म्हणून सोडायचा विचार असेल तर उपचार सुरू होण्याआधीचा रिपोर्ट फाइलमधून शोधून काढा. एंडोक्रायनॉलॉजिस्टला तो दाखवा, आणि पुढे सांगतील तेव्हा सकाळी लवकर, दोन वेगवेगळ्या दिवशी, टेस्टोस्टेरॉनबरोबर एलएच आणि एफएसएचही तपासून घ्या.